रेंज गेली की समजा घाट आला!

लॅपटॉप उघडला की ट्रेनचं ऑफिस होतं, असं मोबाईल कंपन्यांच्या जाहिराती गेली वीस-बावीस वर्षं आपल्याला सांगताहेत. कसारा घाटाने मात्र या जाहिराती पाहिलेल्या नाहीत! प्रवासातल्या इंटरनेटची ही गोष्ट, थेट एकलहऱ्याहून.

मागच्या आठवड्यात एक मेल आली. 'सर, नाव छापू नका, माझे होणारे बॉस तुमचं सदर वाचतात,' अशी पहिलीच ओळ. (बॉस, वाचत असाल तर पुढचंही नीट वाचा.) मुलगी इंजिनीअर आहे. राहते एकलहऱ्याला, वडील थर्मलमध्ये. ठाण्याच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे भाड्याने खोली घेऊन राहणं तिला नकोय. पंचवटीने जाऊन-येऊन करायची तयारी आहे. पण एचआरने अट घातलीय, प्रवासात ऑनलाइन राहावं लागेल. तिचा प्रश्न एवढाच, 'कुठलं कनेक्शन घेऊ म्हणजे नोकरी टिकेल?'

मेल वाचली आणि मी पाच मिनिटं गप्प बसलो. कारण अगदी हाच प्रश्न मी २००९ मध्ये स्वतःला विचारला होता. त्याच चिमण्यांच्या सावलीत. एकलहरे म्हटलं की लोकांना आठवतात त्या थर्मल पॉवर स्टेशनच्या चिमण्या. नाशिकरोडला उतरण्याआधीच त्या दिसायला लागतात आणि आम्हा कॉलनीतल्या पोरांना 'घर आलं' एवढं सांगायला त्या पुरतात. तर मुली, आपण एकाच कॉलनीचे निघालो, म्हणून सरळ 'तू' म्हणतो. राग मानू नकोस.

सहा एमबीची किंमत

आधी माझा किस्सा. २००९ मध्ये मी मुंबईत नोकरीला होतो. बाबा रिटायर झालेले, आई-बाबा घरी दोघंच, मी एकुलता एक. साहेबांना पटवलं, की संध्याकाळच्या पंचवटीने निघेन, पण गाडीत बसून काम करेन. साहेब म्हणाले, 'चालेल, पण मेलला उत्तर आलं पाहिजे.' मी फुल्ल टू खूश! यूएसबी पोर्टात खुपसायचं एक डेटाकार्ड घेतलं. साडेतीन-पावणेचार तासांचा प्रवास, म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस काम, असा हिशोब.

एका संध्याकाळी क्लायंटला साडेआठच्या आत प्रेझेंटेशन पाठवायचं होतं. फाईल सहा एमबीची. कल्याण सुटल्यावर 'सेंड' दाबलं. आज सहा एमबी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक व्हिडिओ. तेव्हा ती फाईल बैलगाडीच्या वेगाने निघाली. आसनगाव गेलं, खर्डी गेलं, कसाऱ्याला गाडी थांबली. थळ घाटाचा चढ १ इन ३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लागतात. त्या थांब्यात फाईल ६२ टक्क्यांपर्यंत पोचली. मग गाडी हलली, पहिला बोगदा आला, आणि डेटाकार्डाचा दिवा विझला. इगतपुरीला रेंज आली तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. साहेबांचा एसएमएस आला, दोनच शब्दांचा. 'उद्या बोलू.'

दुसऱ्या दिवशी सवलत बंद झाली. मी डोंबिवलीत तिघांत मिळून एक खोली घेतली आणि शनिवारी-रविवारी घरी यायला लागलो. चार महिन्यांनी, एका मंगळवारी रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांनी गाडी काढली म्हणून निभावलं. मी पोचलो रात्री अडीचला. बाबा वाचले, आणि त्याच महिन्यात मी मुंबईची नोकरी सोडून नाशिकच्या एमआयडीसीत दुसरी शोधली, कमी पगाराची.

म्हणून तुझा प्रश्न मला 'कुठलं डोंगल घेऊ' एवढा छोटा वाटत नाही.

फ्लॅशबॅक : कोणाची कोणाशी जुंपली होती?

आजच्या पिढीला एका क्लिकवर हॉटस्पॉट मिळतो, पण त्याआधी तीन-चार मोठ्या कुस्त्या झाल्या. त्या थोडक्यात समजून घेतल्या, तर आजचा घोळ आपोआप कळतो.

पहिली कुस्ती जीएसएम आणि सीडीएमएची. जीएसएमवाल्यांकडे जीपीआरएस होतं. फोन ब्लूटूथने किंवा इन्फ्रारेडने लॅपटॉपला जोडायचा, *९९# डायल करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. इन्फ्रारेडवर तर फोन जरा सरकला की कनेक्शन गेलं. शेजारच्या काकांनी पेपर उलटला तरी धाकधूक! पुढे एज आलं, कागदावर दोनशे केबीपीएसच्या वर, हातात त्याच्या निम्मं मिळालं तरी पार्टी.

दुसऱ्या बाजूला सीडीएमए. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने ही सेवा आणली आणि २००३ च्या 'मान्सून हंगामा'त ५०१ रुपये भरून फोन हातात, अशी धमाल उडवून दिली. त्या फोनला केबल लावली की इंटरनेट, वेग कागदावर १४४ केबीपीएस. पुढे २००८-०९ च्या सुमारास ३.१ एमबीपीएसचा दावा करणारी डेटाकार्डं आली आणि गाडीत लॅपटॉप उघडणारी जमात खऱ्या अर्थाने जन्माला आली.

प्रवासाच्या दृष्टीने या दोघांत एक गमतीचा फरक होता. गाडी धावत असते तेव्हा तुमचा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरत असतो. जीएसएमवर हे काम 'आधी सोडा, मग धरा' असं चालायचं. सीडीएमएवरचा कॉल मात्र लोकलमध्ये उभ्या माणसासारखा वागायचा, पुढची कडी हातात आल्याशिवाय मागची सोडायची नाही. तरीही शेवटी सीडीएमए हरलं. फोन मोजकेच, बहुतेक कंपनीलाच बांधलेले, आणि जगभरातली गर्दी जीएसएमकडे. २०१६-१७ च्या सुमारास भारतातून ते जवळजवळ नाहीसं झालं.

सर्कलचा फंडा

दुसरी गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात आहे, पण पंचवटीवाल्यांना ती चांगलीच भोवली. मोबाईलच्या नकाशावर मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल्स! मुंबई सर्कलमध्ये ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येतं. कल्याण मागे पडलं की तुम्ही दुसऱ्या सर्कलमध्ये.

एप्रिल-मे २०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या. मुंबई सर्कलचा एक परवाना ३,२४७ कोटींना गेला, महाराष्ट्राचा १,२५८ कोटींच्या आसपास. मुंबईत जिंकले रिलायन्स, व्होडाफोन आणि एअरटेल. महाराष्ट्रात जिंकले टाटा, आयडिया आणि व्होडाफोन. दोन्ही याद्या पुन्हा वाचा. दोन्हीकडे नाव असलेली खासगी कंपनी एकच! बाकीच्यांचा गिऱ्हाईक सीएसटीला थ्रीजीवर गाणी डाऊनलोड करत गाडीत बसायचा आणि कल्याणनंतर त्याचा थ्रीजी दुसऱ्या कंपनीच्या मेहेरबानीवर चालायचा. कंपन्यांनी आपापसात रोमिंगचे करार केले, सरकारने २०११ च्या डिसेंबरमध्ये ते बेकायदा ठरवले, मामला कोर्टात गेला. नाशिकच्या माणसाने आपला एसएमएस जाईल की नाही याची चिंता करायची, की स्पेक्ट्रम धोरणाचा अभ्यास करायचा?

वायफाय, वायमॅक्स आणि बाजी मारणारा एलटीई

तिसरा पैलवान वायफाय. २००३ मध्ये इंटेलने सेन्ट्रिनो आणला आणि लॅपटॉप वायरीतून मोकळा झाला. कॉफी शॉपमध्ये बसून काम करणं ही एकदम हटके गोष्ट झाली. पण वायफाय हे बसणाऱ्यांसाठी आहे, धावणाऱ्यांसाठी नाही. साधं गणित करू. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. वायफायचा एक राऊटर मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना शंभरेक मीटर पोचतो असं धरलं, तर गाडी त्याच्या टापूतून सात सेकंदांत बाहेर! पासवर्ड टाकेपर्यंत स्टेशन गेलं. मोबाईलचे टॉवर तीन-तीन किलोमीटरवर असले तर हाच हिशोब पावणेदोन मिनिटांचा होतो, आणि टॉवर बदलायचं शिक्षण त्या तंत्राला जन्मापासून दिलेलं असतं.

म्हणून वायफाय स्टेशनवर शोभलं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलने फुकट वायफाय सुरू केलं, ते पुढे देशभरातल्या हजारो स्टेशनांवर पोचलं. गूगलने २०२० मध्ये काढता पाय घेतला, रेलटेलने सेवा चालू ठेवली.

वायमॅक्स हा वायफायचा थोरला भाऊ. वायफायचा वेग आणि मोबाईलची पोच, दोन्ही एकत्र देतो म्हणून २००५ ते २०१० या काळात त्याचा नुसता गाजावाजा होता. इंटेल त्याच्या पाठीशी. समोर उभा राहिला एलटीई, म्हणजे आपलं आजचं फोरजी. वायमॅक्स आधी तयार झाला होता, पण एलटीईकडे एक मोठी जमेची बाजू होती. तो जुन्या जीएसएम-थ्रीजीच्या घरातलाच मुलगा. फोरजी गेलं तर फोन गुपचूप थ्रीजीवर, तेही गेलं तर टूजीवर. मोबाईल कंपन्यांना सगळं मोडून नव्याने बांधायचं नव्हतं. वायमॅक्सवाल्याला मात्र रेंजच्या बाहेर गेलं की पाठीशी कोणी नाही.

भारतातला निकाल २०१० च्या जूनमध्ये लागला. ब्रॉडबँड स्पेक्ट्रमच्या लिलावात इन्फोटेल नावाच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या कंपनीने सगळी २२ सर्कल्स जिंकली आणि लगेच रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचा ताबा घेतला. तेच पुढे जिओ झालं. एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात फोरजी सुरू केलं, त्याच वर्षी ते पुण्यात आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि एक जीबी म्हणजे महिनाभर पुरवायची चीज राहिली नाही. ऑक्टोबर २०२२ पासून फाईव्हजीही आलं. कुस्ती संपली, बॉस. आज तुझ्या हातातला फोनच डेटाकार्ड आहे.

मग घाटात अजून का अडतं?

कारण डोंगराने लिलावात भाग घेतला नव्हता! गंमत सोडा. कारणं साधी आहेत.

एक, बोगदे. रेडिओलहर खडकातून जात नाही. बोगद्यात सिग्नल हवा असेल, तर आतून खास केबल ओढून तो पाझरत न्यावा लागतो.

दोन, डब्याची घडण. गाडीचा डबा म्हणजे लोखंडी पेटी. एसी डब्याच्या काचेवर धातूचा पातळ थर असला तर उन्हाबरोबर सिग्नलही बाहेरच राहतो. म्हणून कित्येकदा दारापाशी दोन काड्या येतात आणि सीटवर एकही नाही.

तीन, फ्रिक्वेन्सी. हे समजायला आपल्या नाशिक ढोलासारखं दुसरं उदाहरण नाही. मिरवणूक तीन गल्ल्या पलीकडे असली तरी ढोलाचा घुमारा घरात येतो, ताशाची तडतड मात्र वाटेतच विरते. जाड आवाज लांब जातो, अडथळ्याला वळसा घालतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे ढोल. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झ हे ताशे. ताशावर वेग भरपूर, पण त्याला टॉवर जवळजवळ लागतात. घाटात टॉवर उभारायला रस्ता नाही, वीज नाही, आणि तिथे राहणारं गिऱ्हाईकही मोजकंच. जे आहे ते गाडीतून येतं, दोन मिनिटांत जातं.

चार, गर्दी. पंचवटी म्हणजे हजारावर फोन एकाच वेळी एकाच टॉवरच्या दारात. सगळे एकदम चढणार, एकदम उतरणार. काड्या फुल्ल असूनही मेल जात नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

'मग सॅटेलाईट?' असं तू मेलच्या शेवटी विचारलंयस. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला, हे खरं. जुने उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्यामुळे बोलणं पोचून उत्तर यायलाच अर्धा सेकंद जायचा. हे नवे साधारण साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, म्हणून झटपट. दुर्गम पाड्यावरच्या शाळेला किंवा दवाखान्याला ही चीज टकाटक. पण तिच्या डिशला मोकळं आकाश लागतं. पंचवटीच्या सीटवर बसून तुला ते कुठून मिळणार? आणि बोगद्यात तर उपग्रहही आपल्यासारखाच बिनरेंजचा.

बाबांचा फोन

माझी फाईल अडकली त्या आठवड्यात बाबा हसून म्हणाले होते, 'अरे, आमचा फोन घाट ओलांडायचा.' मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी समजावलं. बाबा बोर्डात स्विचयार्डला होते. बोर्ड म्हणजे एमएसईबी, २००५ मध्ये विभागणी होऊन त्यातून महानिर्मिती वगैरे कंपन्या झाल्या. तर वीज केंद्रं आणि सबस्टेशनांचं आपसातलं बोलणं विजेच्या तारांवरूनच चालायचं. लाखो व्होल्टच्या त्याच तारेवर काही शे किलोहर्ट्झचा बारीकसा सिग्नल स्वार करायचा. स्विचयार्डात तारेला टांगलेले पिंपासारखे जाड गोळे दिसतात ना, ते वेव्ह ट्रॅप, सिग्नलला भलतीकडे जाऊ न देणारे. बाहेर ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायचे दिवस, आणि बाबा रात्रपाळीत रिसीव्हर उचलून कळव्याच्या लोड डिस्पॅचशी बोलायचे. डोंगरावरून तार गेलेली, मग रेंजचा प्रश्नच कुठला!

त्यांनी त्यावर आणखी एक वाक्य जोडलं होतं. 'आणि तोही बंद पडायचा. म्हणून काय करायचं ते आधीच ठरलेलं असायचं.' कम्युनिकेशन तुटलं तर ऑपरेटरने कुठल्या सूचनेवर चालायचं, हे कागदावर लिहिलेलं असे. मी डेटाकार्डाचे साडेतीन हजार रुपये मोजले होते, पण साहेबांशी हा एक कागद केला नव्हता.

तर आता काय करायचं?

सध्या मी आठवड्यातून दोनदा मुंबईला जातो, त्याच गाडीने, त्यामुळे हे सगळं अनुभवाचं.

● दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची. डोंगलवर पैसे घालवू नकोस, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. कुठली कंपनी, हे जाहिरातीवरून ठरवू नकोस. आठवडाभर आपल्याच गाडीत, आपल्याच डब्यात बसून कुठे काय मिळतं ते वहीत लिही.

● फोन खिडकीपाशी, लॅपटॉप मांडीवर. शक्य असेल तर दोघांना केबलने जोड. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा बॅटरी वाचते.

● घाटाआधी फोन फोरजीवर लॉक कर. फाईव्हजी शोधत बसला की तो तापतो आणि बॅटरी खातो.

● जड काम आधी उरक. सकाळी इगतपुरीच्या आत आणि संध्याकाळी कसाऱ्याच्या आत मेल गेल्या पाहिजेत, लागणाऱ्या फाईली उतरवून झाल्या पाहिजेत. घाटात वाचायचं, लिहायचं, नाहीतर मस्त झोपायचं.

● स्टेशनच्या वायफायवर बँकेचे व्यवहार नकोत. पहिला अर्धा तास फुकट आहे म्हणून पासबुक उघडून बसायची गरज नाही.

● व्हिडिओ कॉल घाटात लावू देऊ नकोस. 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच मीटिंग संपते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑफर स्वीकारताना एचआरला सरळ मेल कर. कसारा ते इगतपुरी हा जेमतेम पंधरा किलोमीटरचा टप्पा, त्यात अर्धा तास मी ऑफलाइन असेन. त्या वेळात तातडीचं काही आलं तर अमुक सहकारी बघेल. एवढंच. त्यांनी 'हो' म्हटलं तर निवांत नोकरी धर. 'नाही' म्हटलं, तर प्रश्न नेटवर्कचा नव्हताच असं समज, आणि पुढच्या ऑफरची वाट बघ. २००९ मध्ये हे दोन ओळींचं पत्र मी लिहिलं असतं, तर ते मंजूर झालं असतं की नाही, सांगता येत नाही. पण मी विचारलंच नाही, ही रुखरुख आजही आहे.

आमच्या आईला मात्र यातलं काहीच कधी शिकवावं लागलं नाही. संध्याकाळी साडेआठच्या सुमारास ती मला फोन लावते. लागला नाही तर बाबांना सांगते, 'घाटात आहे तो. तासाभरात येईल, कुकर लावते.'

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर तुमच्या रोजच्या रस्त्यावर रेंज नेमकी कुठे दगा देते, ते जरूर कळवा!